मुरणं

पूर ओसरल्याच्या चौथ्या दिवशी
चर्चच्या तळघरात टेबलं मांडली.
वर कपडे, ब्लँकेटं, डबाबंद घेवडा.
खाली माझ्याकडे नुसतं बीड.
ओढ्यातनं निघालेले तवे, पसरट कढया, मक्याच्या पावाचे साचे,
गेरू फासल्यासारखे तांबडे,
मोजले तर एकेचाळीस.

आमचा ओढा घोट्याएवढा. कोंबड्यासुद्धा चालत ओलांडायच्या.
त्यानं एका रात्रीत
अख्ख्या खोऱ्यातली स्वयंपाकघरं एकमेकांत कालवली.

मी खाणीत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन.
केंटकीतला कोळसा दुसऱ्यांनी काढला, मी दिवे चालू ठेवले.
तेव्हा लोखंड आणि करंट, एवढंच कळतं.
पिंपात पाणी, मूठभर धुण्याचा सोडा,
ट्रकच्या बॅटरीचा चार्जर.
उणे टोक तव्याला,
अधिक टोक गवत कापायच्या यंत्राच्या जुन्या पात्याला.
एकाचा गंज दुसऱ्यानं पत्करायचा.
रात्रभर बारीक बुडबुडे.
सकाळी तवा करडा, उघडानागडा,
ओतला गेला त्या दिवशी होता तसा.

आणि धुऊन ठेवून सिगरेट पेटवावी,
तेवढ्यात परत तांबूस झाक.
नुसत्या हवेची दृष्ट लागते त्याला.
म्हणून लगेच जाळावर कोरडा करायचा,
डुकराची चरबी चोळायची
आणि चुकून लावली असं समजून
सगळी पुसून काढायची.
जास्त माया केली की चिकटतो.
ओव्हनमध्ये पालथा, तासभर.
मग परत. मग परत.

लोक येऊन ओळखायचे.
ओमा नोबलनं मुठीखालची खोच बोटानं चाचपली आणि मान हलवली.
कॉर्बेटचा पोरगा एकेक तवा टेबलावर ठेवून बोटानं ढकलत होता,
'आमचा गरगर फिरतो,' म्हणाला,
'बूड फुगलंय त्याचं.'
फिरला तेव्हा हसला. त्या आठवड्यात
हसलेलं मी पाहिलेलं ते एकच माणूस.

डेल्फा कॉडिल सातव्या दिवशी आली,
दुसऱ्या कुणाचे तरी बूट घालून.
डोळे मिटून एकेक उचलत गेली, उजव्या मनगटावर तोलत.
अकराव्याला थांबली.
मग डोळे उघडले.

'आर्व्हिल, हे काय केलंस?'

मला वाटलेलं, ती आभार मानेल.

'आईचं होतं यात सगळं. तिच्या सासूचं त्याआधी.
सत्तर वर्षं मुरला होता हा.
अंडं टाकलं तर घसरत जायचं.'

मी सांगणार होतो
की गंज थराच्या खालून शिरतो,
वरचं काळं ठेवून तो निघत नाही,
दोन्ही एकदमच जातात.
सांगितलं नाही.
पिंपाच्या तळाशी जो काळा गाळ बसला होता
तो मी सकाळीच ओतून आलो होतो.
ओढ्यात.

ती वर गेली. चर्चच्या शेगडीवर तवा तापवला,
मक्याचं पीठ, ताक, चमचाभर चरबी.
पहिला पाव बुडाला धरला.
उलथण्यानं खरवडून तिनं उभ्याउभ्याच खाल्ला,
करपलेली कड माझ्या हातात दिली.
दुसराही धरला, पण निम्माच.
'तिसरा उद्या,' म्हणाली,
आणि तवा शर्टात गुंडाळून घेऊन गेली
तंबूकडे,
तान्ह्याला नेतात तसा नाही,
हत्यार नेतात तसा.

टेबलावर अजून सहा उरलेत.
त्यातल्या दोघांची माणसं येणार नाहीत, मला माहीत आहे.
त्यांची नावं शेरीफच्या कागदावर आहेत.
तरी रोज संध्याकाळी मी त्यांनाही चरबी लावतो
आणि पुसून काढतो.