शेड कार्ड

जशुभाईच्या दुकानात रबरी अळ्या
बरण्यांत भरून ठेवलेल्या असतात, लोणच्यासारख्या,
खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत
सायकलच्या ट्यूबा आणि पतंगाच्या फिरक्या यांच्या मधोमध.
"साहेब, पोपटी लई जाव. बहु चाले छे."
पोपटी गिऱ्हाइकांत चालतो, जशुभाई.
मरळ काही अजून दुकानात आलेली नाही.

एकतीस वर्षं नंदेसरीच्या कारखान्यात
मी रंग जुळवले. सुरतेहून, जेतपूरहून
कागदाला टाचलेली चिंधी यायची
आणि मी म्हणायचो, लाल जरा कमी करा,
निळ्याचं नुसतं बोट लावा.
ट्यूबलाइटखाली सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन चिंध्या
उन्हात नेल्या की सवती.
म्हणून उत्तरेची खिडकी.
म्हणून चारनंतर निकाल नाही,
मालक उभा असला तरी नाही.

तळ्याला उत्तरेची खिडकी नसते.
सिंधरोटच्या अलीकडचं ते तळं
शिंगाड्याच्या वेलींनी अर्धं झाकलेलं,
काठावर मगरीपासून सावध राहण्याची पाटी
आणि पाटीवर खंड्या, बेसावध.
तिथे लाल हातभर खाली गेला की काळा होतो,
आणि खालून वर बघणाऱ्याला
आभाळापुढे सगळंच काळं.
हे मला माहीत होतं.
तरी माझे नियम होते:
पाणी गढूळ, तर काळी, शेपटीला निळं.
निवळ असेल तर शेवाळी, आत मिऱ्याची पूड सांडल्यासारखी.
ढगाळ दिवशी चहा.
दुधाचा नव्हे, कोरा, कपात तळाशी उरलेला.

अनंतराव पागेदारांकडे एकच अळी.
शेपूट कधीच गेलेलं, रंग विचारायची सोय नाही.
माझ्याहून जास्त मरळी त्यांनी काढल्या.
"तू माशाला साडी दाखवायला बसतोस,"
असं म्हणून गाठ दातांनी आवळायचे.

फेब्रुवारीत उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली तर समोर नर्सची ओढणी,
इतकी निळी
की तिचं प्रमाण विचारायला तोंड उघडलं होतं मी.

घरी येऊन डबा काढला.
अकरा कप्पे, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या.
'बदामी'त पांढऱ्याशुभ्र.
'शेवाळी'त भडक पोपटी, जशुभाईची, बहु चाले छे.
आणि 'चहा'त
जांभळ्या.
डावा मिटला, जांभळ्या.
उजवा मिटला, चहा.
जेवायला हाक आली तरी मी डोळे आळीपाळीने मिटत बसलेलो,
सून दारात उभी, तिला वाटलं इन्फेक्शन.

डोळ्यात हळद कालवून किती वर्षं
मी लोकांना सांगत होतो, निळं वाढवा?
शेवटची तीन? पाच?
कुठे कुठे असतील ते सदरे.
कुणी कुणी लग्नाला घातले असतील.
एकही चिंधी परत आली नव्हती,
ह्याचा आधी अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी जशुभाईला गाठलं.
चहा द्या म्हणालो.
त्याने न बघता जांभळ्यांची बरणी उघडली.
"हे काय?"
"चहा."
"हा चहा आहे?"
तो गोंधळला. मग हळूच म्हणाला,
"साहेब, मने एम के
तुमच्या मराठीत ह्याला चहा म्हणतात."

नऊ वर्षं, त्याने सांगितलं.
आता दुसरी गिऱ्हाइकंही चहाच मागतात.

डाव्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची आहे.
तोवर दोन्ही घेऊन तळ्यावर जातो.
आज आभाळ भरलंय, शिंगाड्याची पानं
वाऱ्याने उलटी होतायत, खालून तांबूस,
निदान उजवीकडून तांबूस.
पागेदार विचारतात, मग, आज कुठली?
चहा, मी म्हणतो.
ते मान हलवतात
आणि आपली तुटकीच बांधतात.