आधी स्वयंपाकघरात

न्हाणीघरात टब अजून ठाण मांडून आहे,
म्हणून ऑतोने स्वयंपाकघराच्या फरशीवर
खडूने रेघ मारली: इथपर्यंत काच.
दार नाही, उंबरा नाही,
नुसतं चालत आत शिरायचं.

गुडघा बदलल्यापासून ब्लाझेनाचं
टबाच्या काठाशी भांडण आहे.

'काच दुधी घेऊ या?'
'आरपार दिसणारी. पडलास तर कळायला नको?'
'आणि तू पडलीस तर?'
'मी दांडी धरीन की.
दांडी कुठाय तुझ्या नकाशात?'

खडू पुन्हा खिशातून बाहेर.

मग तीच म्हणते,
'आणि डिसेंबरात मासा कुठे ठेवायचा?'

एकोणचाळीस नाताळ
याच टबात दोन दिवस कार्प पोहायचा,
घरात सगळे बिनअंघोळीचे.
एका वर्षी रादेकने त्याचं बारसंच केलं.
मग सुरी कोण धरणार?
रात्री बादलीतून मोरावा नदीपर्यंत पोचवला,
सणाला नुसतं बटाट्याचं सॅलड.

ऑतो खडूच्या चौकटीत उभा,
स्वेटरसकट, कोरडाठाक,
वर नसलेल्या नळाकडे बघत.
'सरक जरा,' ती म्हणते,
आणि रेघेपाशी येऊन
सवयीने
पाय उंच उचलते.