दुसरी

"पहिली आहे ना," सासूबाई म्हणाल्या,
"पहिली असताना दुसरी कशाला?"
हेरंब डाळीच्या डब्यात तोंड घालून हसला.
हेच वाक्य म्हणे त्यांच्या घरात
एका पणजोबांना ऐकवलं होतं,
आणि त्यांनी ऐकलं नव्हतं.

पहिलीची मान वाकली आहे.
बाराव्या फ्रेटच्या पुढे प्रत्येक सूर
किंचित खोटं बोलतो, सवयीने.
मी दिवसभर कोपरीच्या लॅबमध्ये लोकांचे दात घडवते,
केसाच्या जाडीचा उंचवटा
डोळे मिटून बोटाला कळतो मला.
पण दुकानवाल्यांनी फोनवर विचारलं,
"मॅडम, तारा किती उंच हव्यात?"
की मी म्हणते, "बऱ्यापैकी."

वाशीचं दुकान काचेचं.
भिंतीवर चाळीस गिटारी, एका उंचीवर,
दाखवायच्या कार्यक्रमाला उभ्या केल्यासारख्या.
हात लावायच्या आत एक मुलगा आला,
एक उतरवली, वायर खुपसली
आणि स्वतःच वाजवली, इतकी भराभर
की ती कशी वाजते ते कळलंच नाही,
तो कसा वाजवतो ते कळलं.
मग म्हणाला, "मुलासाठी बघताय?"
मी हो म्हटलं.

मला मुलगा नाही.
मुलगी आहे, ती खो-खो खेळते.
परतीच्या बसमध्ये विटावा येईपर्यंत
त्या 'हो'ची लाज वाटत राहिली.

रात्री फोनवर पाहिल्या.
बोटांनी ताणून लाकूड मोठं केलं,
आणखी मोठं केलं, मग ते लाकूड राहिलं नाही,
नुसते चौकोन.
खाली लिहिलेलं: सात दिवसांत परत करता येईल.
सात दिवसांत तर
नव्या चपलेशीही आपली ओळख होत नाही.

घोडबंदर रोडला, एकविसाव्या मजल्यावर
एक गृहस्थ कॅनडाला निघाले होते.
सुरेख गिटार, किंमतही निम्मी.
मानेच्या मागे त्यांच्या अंगठ्याने
वीस वर्षं घासून केलेली एक गुळगुळीत जागा.
माझा अंगठा तिथे बसेना.
आत त्यांची बायको खोकी बांधत होती,
चिकटपट्टी फर्रकन ओढल्याचा आवाज, थांबून पुन्हा.
"देऊन टाका हो," ती आतून म्हणाली.
ते काहीच म्हणाले नाहीत.
मी पाणी प्यायले आणि निघाले.

मग चरई. शिलाई मशिनच्या दुरुस्तीशेजारी डाबऱ्यांचं दुकान,
दोघं आत शिरले की तिसरा रस्त्यावर.
सहा गिटारी, त्यातल्या एकीला तारा नाहीत.
कुणासाठी, हे त्यांनी विचारलं नाही.
स्टूल पुसलं, वायर हातात दिली,
"आवाज कितीही करा, शेजारी मशिनीच आहेत.
मी चहा पिऊन येतो."
आणि गल्ला उघडा टाकून गेले.

पंचवीस मिनिटं आले नाहीत.

मी चुकले.
कॉलेजपासून जिथे चुकतेय तिथे चुकले,
मग नव्या ठिकाणी चुकले,
एकदा तर इतक्या मोठ्याने
की मेथीची जुडी हातात घेतलेली एक बाई
वाकून आत बघून गेली.
मी वाजवत राहिले.
तपकिरी, कडेचा टवका उडालेली,
मांडीवर अशी टेकली होती
जशी शाळेत शेजारची मुलगी टेकायची.

सातव्या फ्रेटवर बोट अडलं.
डाबरे आल्यावर सांगितलं.
त्यांनी चष्मा चढवला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.
"मला नाही लागत," म्हणाले,
"पण तुम्हाला लागतंय म्हणजे असेल.
शनिवारी या, घासून ठेवतो."

किंमत विचारायची राहिलीच.
घरी येऊन फोन केला:
वाशीपेक्षा दोन हजार जास्त.
हेरंबला अजून सांगितलेलं नाही.

सासूबाईंना सांगितलं.
त्या निवडत होत्या ती भाजी तशीच ठेवून म्हणाल्या,
"शनिवारी मीपण येते.
बघू तरी,
दिसते कशी."