डावीकडून, खालून

होडी विकली. ट्रेलरसकट.
शेजारून पेन्टी ओरडला,
"कानटोपीसाठी होडी?"
त्याला काय सांगायचं.
कांद्याचा पापुद्रासुद्धा गोधडी वाटावा
इतका पातळ पडदा,
दोन जाळ्यांच्या मधोमध ताणलेला,
कुठेही न टेकता.
त्याच्यावर पाचशे ऐंशी व्होल्ट मुक्कामाला.
ना चुंबक, ना तारेचं वेटोळं,
नुसती ओढ आणि नुसता नकार,
सेकंदाला हजारो वेळा.

आधी ॲम्प्लिफायर तापवायचा.
वीस मिनिटं. घाई केलेली त्याला चालत नाही.
चार व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी होतात.
बाहेर उणे चोवीस,
हवा इतकी कोरडी की
मिर्रीच्या पाठीवरून हात फिरवला तर ठिणगी उडते.
ती सरळ त्या गरम पेटीवर चढून बसते.
तिला संगीतातलं एवढंच कळतं.
मलाही पुष्कळ वर्षं फार वेगळं कळत नसावं.

पहिले आठ दिवस गाणं ऐकलंच नाही.
ऐकली ती उलटणारी पानं,
पियानोवाल्याचं नख पट्टीला लागल्याची टकटक,
एका गायिकेचे ओठ विलग होताना
मधेच तुटलेला लाळेचा धागा.
लाज वाटून डोळे मिटायला गेलो
तर ते आधीच मिटलेले होते.

नवव्या रात्री माझीच टेप लावली.
रेडिओसाठी केलेली. एक्याऐंशीचा फेब्रुवारी,
तळ्याकाठचं लाकडी चर्च,
राइली आणि तिचा चेलो.
तिसऱ्या भागात, जिथे ती सूर
जवळजवळ विझू देते,
नेमकं तिथे
कर्र.

त्याचं खापर मी तिच्या खुर्चीवर फोडलं होतं.
तिनं खुर्ची बदलली. तीनदा.
शेवटी दुधाच्या कॅनवर घोंगडी टाकून बसली.
तरी कर्र.
"माझं नाही ते, तौनो," एवढंच म्हणाली.
मी म्हणालो, कान माझे आहेत.
दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं गेली ती
पुन्हा माझ्या मायक्रोफोनसमोर बसली नाही.

आता राइली समोर आहे, किंचित उजवीकडे.
गजाला राळ जरा जास्त लागलीय, तेही कळतं.
दूर शेगडीत एक ओंडका फुटतो.
आणि कर्र
डावीकडून. खालून.
चेलोच्या पुष्कळ अलीकडे,
जिथे माणूस असायला नको होता.
पण त्या दिवशी मागच्या खोलीत
टेप-रेकॉर्डरचं तेल गोठलं होतं,
म्हणून एक माणूस मशीन उचलून
शेगडीपाशी येऊन उभा होता,
नवेकोरे चामडी बूट घालून.

टेप मागे घेतली.
कर्रच्या आधी एक श्वास.
नाकातून, बारीक शीळ घालत.
सोळाव्या वर्षी आइस हॉकीत मोडलेलं नाक.
बुटांबद्दल वाद घालता आला असता.
नाकाबद्दल नाही.

राइली आता एकोणऐंशीची. दोन्ही कानांत यंत्रं.
फोनवर सगळं ओरडून सांगावं लागलं,
त्यामुळे माफी भांडणासारखी ऐकू गेली असणार.
"ठाऊक होतं," ती म्हणाली.
"तुझं नाक पहिल्या भागापासून वाजत होतं."
मग जरा थांबून,
"हे कळायला केवढ्याला पडलं?"
"एक होडी."
ती इतकी हसली
की तिच्या कानातल्या यंत्रानंच शीळ घातली.

यंत्रं काढून ऐकणार म्हणते.
लेकीकडे राहायला आलीय, तळ्यापलीकडे.
होडी असती तरी जानेवारीत काय कामाची?
स्लेज दाराशी लावलीय,
अकरा किलोंच्या पेटीसाठी दोन रग काढलेत,
बूट घालून बसलोय
व्हॉल्व्ह निवायची वाट बघत.
तापलेली काच या थंडीत नेली तर तडकायची.
मिर्री अजून पेटीवरच आहे,
आणि तिला उठवायचं
माझ्यानं होत नाही.