चौकटीपुरतं

माझ्या टपरीत एका वेळी अठरा फोन चार्ज होतात.
जनरेटर पेट्रोलवर चालतो, हे आधीच सांगून टाकतो,
नंतर कुणी मला ऐकवायला नको.
याच खाडीतून मी पूर्वी मासे आणायचो.

टारिलाचा फोन तडकलेला, निळ्या रबरात बांधलेला.
त्या दिवशी ती आली तेव्हा गुडघ्यापर्यंत काळी होती.
पाइप फुटून नववा दिवस.
आठ दिवस आम्ही अर्ज लिहिले, शिक्के मारले,
गावप्रमुख ठेवणीतली टोपी घालून
यनागोआला दोन खेपा करून आला.

तिने बगळा दाखवला.
एक्केचाळीस सेकंद.
पंख उघडू पाहतो, पंख उघडत नाहीत.
मागे तिची मावशी, एबियाक्पो,
कांदळाच्या मुळांवरचे बारीक शंख खरवडतेय,
टोपलीत टाकण्याआधी हुंगतेय
आणि फेकून देतेय. एकेक.

सिग्नल फक्त पाण्याच्या टाकीवर.
टारिला चढली, मी खाली शिडी धरून उभा.

सकाळपर्यंत सोळा लाख लोकांनी बगळा पाहिला.
ज्या गावांची नावं मला वाचता येत नाहीत
तिथून पिवळे रडके चेहरे आले.
कुणी विचारलं, बगळ्याचं नाव काय?
कुणी लिहिलं, खोटं आहे, यंत्राने बनवलेलं.
टोपलीबद्दल कुणी काही विचारलं नाही.
मावशीला दाखवलं तर म्हणाली,
"सांगितलं असतंस तर धुतलेलं कापड नेसले असते."

बाराव्या दिवशी कंपनीच्या तीन बोटी आल्या.
केशरी जाकिटं, फावडी, पांढऱ्या पिशव्या,
आणि एका साहेबाच्या हातात टॅबलेट,
त्यावर टारिलाचा व्हिडिओ, मध्येच थांबवलेला.
साहेब तो डोळ्यांसमोर धरून मागे सरला, पुढे सरला,
मुळं जुळली, कलता खांब जुळला,
मग त्याने दोन काठ्या रोवून घेतल्या.
या काठीपासून त्या काठीपर्यंत.

तेवढं घासलं. खोटं कशाला बोलू, छान घासलं.
रोपं लावली, प्रत्येकाला हिरवी फीत.
जाताना फोटो काढला.
त्यालाही पुष्कळ बदाम आले म्हणतात.

रात्री टारिला आली. मला वाटलं, आता रडेल.
"काका, काठ्यांच्या मध्ये किती पावलं असतील?"
मी कशाला मोजतोय.
"तेवीस," ती म्हणाली, आणि फोन चार्जिंगला लावला.

तेव्हापासून रोज जाते.
आज या तेवीस पावलांच्या डावीकडची तेवीस,
उद्या त्याच्याही डावीकडची.
बगळा नाही, गाणं नाही,
काळं पाणी आणि तारीख.
बघणारे आटले. परवा दोनशे सहा,
त्यातले निम्मे आमचेच, लागोसला गेलेले.
मावशी मात्र न चुकता जाते,
धुतलेलं कापड नेसून, रिकामी टोपली धरून,
फोनकडे तोंड करून उभी राहते,
कचेरीत नंबर लावल्यासारखी.

काल कुणीतरी एकाने विचारलं:
टोपलीत काय असायचं?

टारिला टाकीवरून ओरडली, "काका, सांगा!"
मी शिडी धरून, मान वर करून,
जनरेटरच्या वरताण आवाज काढून
शंखांची, माशांची, खेकड्यांची आमच्यातली नावं सांगू लागलो.
तिसऱ्या नावाला जनरेटर बंद पडला.
पेट्रोल संपलं असणार.
पुढची नावं ओरडावी लागली नाहीत.