सड्यावरचं वाचन

फिलोमेनाबाईंच्या छतावर बारा पॅनेलं.
रोज सकाळी सातला त्या स्वतः शिडी चढतात,
गुडघ्याला पट्टा, हातात जुन्या नायटीचा बोळा.
पुसलं की बोळा काळा.
रात्री बंदरात बोट रिकामी झाली असेल
तर दोनदा पिळावा लागतो.

मी वीज खात्याचा मीटर रीडर.
माझ्या यंत्रात या पाण्याला रकाना नाही.
घेतलेली, दिलेली, उरलेली, एवढंच टिपायचं.
एप्रिलात त्यांनी खात्याला दिली दोनशे नव्वद युनिटं,
जुलैत एकतीस.
‘पावसाचें बील सूर्य फारीक करिना रे, गुरुदास,’
म्हणतात, आणि मलाच शिडी धरायला लावतात.

बाराव्या पॅनेलासाठी फणस तोडला.
दुपारी दोन ते साडेतीन सावली पडायची,
म्हणजे दिवसाला अर्धं युनिट वाया,
जावयाने मोबाइलवर मांडून दाखवलं.
फणसाचा हिशेब कुणी मांडला नाही.
आता त्या खोलीत पंखा लावतात. दुपारी.

खारीवाड्यात तुळशीदासचा बर्फाचा कारखाना.
ट्रॉलर लागतात ते दिवस मावळताना,
बांगडा काही सूर्याची वेळ पाळत नाही.
‘बॅटरीची किंमत सांगितली त्यांनी,
तेवढ्यात नवी होडी येते.
आणि दहा वर्षांनी ती मेली की पुरू कुठे?
मासा कुजला तर माडाला घालता येतो.’
मी मान डोलावतो. त्याचं खरंच आहे.

घरी धाकटीला रात्री वाफ द्यावी लागते.
यंत्र घुरघुरतं, तिची छाती हळूहळू शांत होते,
आणि मी भिंतीतल्या प्लगकडे बघत बसतो.
दारातला कोळसा आमच्या विजेचा नव्हेच,
तो वॅगनींत बसून घाट चढतो, पोलादाच्या भट्टीकडे.
आमच्या विजेचा कोळसा दूर कुठेतरी जळतो.
तिथेही छतं असतील.
तिथेही एखादी बाई बोळा पिळत असेल,
तिच्या घराचा मीटर नंबर मला माहीत नाही.

वीज तारेवरून येते, तार रानातून.
उन्हाची असो की राखेची,
रानाला दोन्ही सारख्याच रुंदीच्या लागतात.

‘मग बरें खंयचें?’ काल बाईंनी विचारलं.
अठरा वर्षं लोकांचे आकडे वाचतोय,
वाटलं, काहीतरी सांगता येईल.
‘चार हजार चारशे एकाहत्तर,’ मी म्हणालो.
त्या हसल्या.

खाली फणसाच्या खुंटाला पालवी फुटलीय,
दोन पानं, सावली म्हणण्याइतकी नाहीत.
पॅनेलं झाल्यावर
उरलेल्या ओल्या कोपऱ्याने
त्यांनी तीही पुसली.