अकरा मिनिटं पुढे

तिसऱ्यांदा विचारलंय लॅपटॉपने आज:
आत्ता करू, रात्री करू, की उद्या आठवण करू?
सोहारमध्ये रात्रीचे दहा. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय,
शिनोज तोंडावर टॉवेल घेऊन झोपलाय
आणि मी चौथं उत्तर शोधतोय, जे तिथे नाही.

"टाक रे," जेवताना म्हणाला होता तो,
"माझा तर आपोआप झाला. नुसता वॉलपेपर बदलला."
त्याच्या मशीनवर सिनेमे आहेत.
माझ्या मशीनवर नजीब आहे.

म्हणजे नजीबने लिहिलेला प्रोग्रॅम,
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी: हर्णै बंदराची भरती-ओहोटी.
निळी खिडकी, पिवळे आकडे,
कोपऱ्यात होडी, शीड उलट्या बाजूला.
तारीख टाकली की वेळ येते,
अकरा मिनिटं पुढे.
मी मनातल्या मनात वजा करतो.
सोहारमध्ये हर्णैची भरती कुणाला लागते?
मला लागते, झोपण्याआधी.

नव्या सिस्टिमच्या माहितीत बारीक अक्षरात:
जुने प्रोग्रॅम चालतीलच असं नाही.
चालतीलच असं नाही.
आमचा एजंट असंच बोलायचा, पगाराबद्दल.

आणि न टाकावा, तर त्याचंही पत्र आलंय:
पुढच्या महिन्यापासून जुन्याला संरक्षण बंद.
याच मशीनवरून घरी पैसे जातात,
यातच पासपोर्ट, यातच रेसिडेंट कार्ड.
कडी नसलेल्या दाराआड किती दिवस झोपायचं?

प्लांटवर मला हे सगळं येतं.
खाऱ्याचं गोडं पाणी करतो आम्ही.
एक व्हॉल्व्ह उघडायचा तर परमिट, लाल टॅग, कुलूप,
किल्ली माझ्या खिशात,
आणि कागदावर शेवटचा रकाना:
बिघडलं तर मागे कसं याल?
तो कोरा असला की रोमेल सही करत नाही.
एकदा एकाने मध्यरात्री पॅनेल अपडेट केलं, न विचारता.
पडदा काळा.
सहा तास आम्ही चाकं हाताने फिरवली,
उजव्या तळव्यावर घट्टा आहे अजून.
म्हणून हे ताक फुंकणं.

नजीबला फोन लावला. तिकडे साडेअकरा.
तो आता बर्फाचा कारखाना चालवतो,
मागे क्रशरची घरघर.
मूळ कोड आहे का रे कुठे?
"कसला?"
भरतीचा.
हसतच सुटला. "ते चालतं अजून?
अरे, तो पेनड्राइव्ह रिझवानाने विजारीबरोबर धुतला."
मग थांबून, "काय सांगतंय आत्ता?"
पूर्ण भरती, बारा वाजून चार.
क्रशर बंद झाला. चपला ऐकू आल्या, धक्क्यापर्यंत.
"हां, येतेय," तो म्हणाला. "अकरा मिनिटं वजा कर."

म्हणजे माहीत होतं त्याला.
इतकी वर्षं.

हार्ड डिस्क लावली. सगळं उतरवून घेतलं, एक वाजला.
पण उतरवलं म्हणजे उतरलं असं नसतं,
उघडून बघावं लागतं.
शिनोजच्या खाटेखालचा जुना डबा ओढला,
बिजागरी तुटलेला, उशीला टेकवून चालू केला.
बराच वेळ नुसती रेघ.
मग निळी खिडकी.
मग होडी, शीड उलटंच.

शेवटचा रकाना भरला: मागे यायला वाट आहे.
(माझ्या स्वतःच्या कागदावर
हा रकाना सात वर्षं कोरा आहे,
पण ते आज नको.)

आत्ता नाही, रात्री नाही.
चार्जर लावला, झाकण मिटलं,
वर प्लांटवरचा लाल टॅग:
शुक्रवारी, नमाजनंतर. तोवर हात लावू नये. मुकादम.

सकाळी दात घासता घासता शिनोजने तो उलटसुलट पाहिला.
"एवढ्यासाठी? आणि सही कुणाची घेतलीस?"
नजीबची, मी म्हणालो,
आणि बादली ओतायला बाहेर गेलो.